गोंदण, टॅटू आणि काडेपेटीवरचा वाघ

आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. गोंदण चालतं, टॅटू चालत नाही. आजीच्या हनुवटीवर ठिपका होता, हातावर तुळस होती, आणि त्या गोंदणाची आठवण निघाली की सगळ्यांचे आवाज हळवे होतात. तेच भाचीने दंडावर रंगीत चित्र काढून घ्यायचं म्हटलं तर त्याच आवाजांना एकदम धार येते.

गेले पंधरा दिवस ताईच्या घरी हाच विषय चालू आहे. भाची चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते, स्वतःच्या पैशाने काढणार आहे. ताई तिच्याशी कामापुरतं बोलते. भावजींनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोकं घातलंय. शेवटी ताईचा मला फोन आला, "तू समजाव तिला, तुझं ऐकते ती." त्याच रात्री भाचीचाही आला, "मावशी, तू समजाव आईला." आता दोघींना वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा इथेच लिहिते. दोघीही हे पान वाचतात, आणि इतर नातेवाईकही (वाचत नाही म्हणणारे जास्त!).

भाचीला हवंय ते पॉप आर्ट. तिने मला तीन डिझाइनं पाठवली. एकात पिवळ्याजर्द केसांची गोरी बाई, लालभडक ओठ, गालावर गुलाबी ठिपके, डोळ्यातून ओघळणारा टपोरा अश्रू आणि शेजारच्या फुग्यात इंग्रजी उद्गार. दुसऱ्यात सूपचा डबा. तिसऱ्यात केळं. ताईचा प्रश्न एकच, "याचा अर्थ काय?"

अर्थ काहीच नाही, आणि माझ्या मते तो नसला तरी चालतो. टॅटू म्हटलं की लोक अर्थ शोधायला लागतात. कोणाला संस्कृत श्लोक लागतो, कोणाला बाळाच्या पावलांचा ठसा, कोणाला मोर, म्हणजे घरी सांगता येतं. नुसतं छान दिसतं म्हणून, हसू येतं म्हणून काढलं असं म्हणायची सोय नाही. मुलीच्या जातीला तर नाहीच. आपण खोलीला पोपटी रंग देतो तेव्हा अर्थ विचारतो का कोणी?

आता आजीच्या तुळशीचं. तिला अर्थ होता हे खरंच. मेल्यावर अंगावरचा दागिना न् दागिना उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आजी म्हणायची. पण ते गोंदलं कसं हेही तिनेच सांगितलं होतं. वय सात-आठ. गोंदणारीण दारात आलेली. आईने आणि चुलतीने हात धरून ठेवला. सुया, काजळी, आरडाओरडा, मग गोंदणारणीच्या पदरात सूपभर ज्वारी. काय काढायचं हे आजीला कोणी विचारलं नव्हतं, काढायचं का हे तर नाहीच. ती तुळस पुढे हिरवट-निळी पडली आणि आम्हाला सुंदर दिसायला लागली. मलाही ती फार आवडायची. पण ताई, आजीचा हात धरून ठेवलेला आपल्याला चालतो आणि तुझ्या लेकीने आपणहून पुढे केलेला चालत नाही, हे काही मला पटत नाही.

इथपर्यंत मी भाचीच्या बाजूने. आता तिच्याशी भांडते.

मी सत्तावीस वर्षं छपाईच्या धंद्यात काढली. ठिपके हा माझा विषय आहे. त्यामुळे ती गोरी बाई बघितल्याबरोबर मला पहिला विचार आला तो असा, की हे चित्र कागदासाठी आहे, कातडीसाठी नाही.

अमेरिकन कॉमिक्स अतिशय स्वस्त कागदावर छापली जायची. गुलाबी रंग वेगळा वापरायचा तर खर्च वाढणार, मग लाल शाईचे सुटे सुटे ठिपके छापायचे. मधून कागदाचा पांढरा दिसतो आणि लांबून डोळ्याला गुलाबी कातडी भासते. १८७९ साली बेंजामिन डे नावाच्या छपाईवाल्याने ही युक्ती काढली, म्हणून ते बेन-डे ठिपके. रॉय लिक्टेनस्टाइनने १९६० नंतर हेच ठिपके मोठे करून कॅनव्हासवर आणले. त्याची १९६३ सालची 'ड्राउनिंग गर्ल' आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. ती मुळात टोनी अब्रुझ्झो नावाच्या चित्रकाराने एका प्रेमकथांच्या कॉमिकसाठी काढलेली चौकट. लिक्टेनस्टाइनने ती कातरली, बदलली, प्रचंड केली. अब्रुझ्झोचं नाव कुठे आलं नाही. (आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.)

मुद्दा असा की त्या सगळ्या चित्रांत एक रंग फुकट मिळालेला असतो, कागदाचा पांढरा. छपाईत निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार शाया असतात, पण पाचवा रंग कागद देतो. आपल्या हाताचा कागद पांढरा नाही. तो छान गव्हाळ आहे, सावळा आहे. त्यावर लाल ठिपके टाकले तर मधून गोरा गाल दिसणार नाही, गोवर आल्यासारखं दिसेल. शिवाय शाई कातडीच्या वर बसत नाही. ती वरच्या थराच्या खाली, एक-दोन मिलिमीटर आत जाते, आणि कातडीचा रंग असतो वरच्या थरात. म्हणजे प्रत्येक रंग आपण तपकिरी जिलेटिन कागदातून बघत असतो. पिवळा, फिका गुलाबी, आकाशी हे त्यात विरून जातात. पांढराही फार टिकत नाही, पिवळट पडतो. गडद लाल, शेंदरी, मोरपंखी, गर्द हिरवा आणि भरपूर काळा, हे उठून दिसतात.

दुसरं, ठिपका फुगतो. कागदावरही फुगतो, आम्ही त्याला डॉट गेन म्हणतो. कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो, म्हणून वर्तमानपत्राला ८५ रेघांचा जाडा स्क्रीन आणि आर्ट पेपरला १५० चा बारीक. कातडी ही वर्तमानपत्राच्या कागदाहून हावरट. आपल्या शरीरातल्या पेशी शाईचे कण परके समजून गिळतात आणि तिथेच बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. टॅटू टिकतो तो असा, हातातून हातात जात. पण टिकताना हळूहळू सरकतो, रेघ जाडावते. आज सुबक दिसणारे मोहरीएवढे ठिपके पंधरा वर्षांनी एकमेकांचे हात धरून बसलेले असतील. ठिपके हवेतच तर थेट मसुराच्या दाण्याएवढे हवेत, आणि मध्ये तेवढीच जागा सोडून.

पण या सगळ्याहून मला खटकतं ते वेगळंच. ती बाई भाचीची कोण लागते? ज्या सूपच्या डब्याचं चित्र तिने पाठवलंय ते सूप तिने आयुष्यात प्यायलेलं नाही. अँडी वॉरहॉलने १९६२ साली त्या डब्याची बत्तीस चित्रं काढली, प्रत्येक चवीचं एक, आणि लॉस एंजेलिसच्या गॅलरीत किराणा दुकानातल्यासारखी फळीवर मांडली. त्यातली गंमत अशी की तो डबा प्रत्येक अमेरिकन स्वयंपाकघरात होता. रोज डोळ्यांसमोर असून कोणी न बघितलेली वस्तू त्याने बघायला लावली. आपल्या घरात तो डबा नव्हताच, मग आपल्याला त्यातलं काय दिसणार? फक्त 'हे भारी असतं' एवढंच दिसतं.

रिचर्ड हॅमिल्टन या इंग्रज चित्रकाराने १९५७ साली एका पत्रात पॉप आर्टच्या गुणांची यादी केली होती. लोकप्रिय, क्षणिक, स्वस्त, ढिगांनी बनणारं, तरुण, चावट, असे शब्द त्यात होते. वापरून फेकून देण्याजोगं, असाही एक. आणि आपण ते निघणार नाही अशा शाईने अंगावर काढायचं म्हणतोय! गंमत म्हणजे न्यूयॉर्क शहरात १९६१ पासून १९९७ पर्यंत टॅटू काढायला कायद्याने बंदी होती, काविळीच्या साथीचं कारण देऊन. म्हणजे वॉरहॉल-लिक्टेनस्टाइन ऐन भरात असताना त्यांच्याच गावात हे दंडावर उघडपणे काढून मिळालं नसतं. तरीही मला ही जोडी आवडते. फेकून द्यायच्या वस्तूला कोणीतरी अंगावर जागा देतं, यात काहीतरी प्रेमळ आहे. फक्त ती वस्तू आपण खरोखर फेकलेली असावी.

आणि आपण काय कमी वस्तू फेकल्यात? काडेपेट्या आठवा. शिवकाशीचे छाप, दोन किंवा तीन रंगात छापलेले. वाघ, किल्ली, जहाज, कमळ, कोंबडा. स्वस्त छपाई, त्यामुळे रंग कधीच रेघेत बसायचा नाही. वाघाचा पिवळा वाघाच्या बाहेर दीड मिलिमीटर. आम्ही याला रजिस्ट्रेशन हललं म्हणतो आणि त्यापायी प्रेसमध्ये शिव्या खातो. पण टॅटूसाठी हा दोष म्हणजे वरदान आहे. मुद्दामच रंग रेघेबाहेर सरकवलेला वाघ काढला तर पुढे वीस वर्षांनी तो आणखी थोडा सरकला म्हणून कोणाला कळणार? (भाचीसाठी सूचना: तो पिवळा शेंदरी करून घे.)

ट्रकच्या मागचं चित्र घ्या. डोंगर, उगवता सूर्य, घार, दोन्ही बाजूंना झेंडूची फुलं. जाड काळी रेघ, सपाट भडक रंग, लांबून वाचता येणारं अक्षर. गव्हाळ कातडीला याहून शहाणं रंगकाम मला माहीत नाही. पॉपिन्सचं पाकीट, गोळ्या एकावर एक, प्रत्येक वेगळ्या रंगाची. शाळेतली पत्र्याची कंपासपेटी. एसटीचं फाटक्या कडांचं तिकीट, कंडक्टरने पंच केलेली भोकं तशीच ठेवून, कारण तिथे कातडीच दिसू द्यायची. काला खट्टा गोळा, कोपराजवळ धरलेला आणि रस मनगटापर्यंत ओघळलेला. वॉरहॉलसारखी एकच वस्तू चार रंगांत हवी असेल तर कटिंग चहाचा ग्लास घे ना, दंडाभोवती चार ग्लास, चार रंगांचे. हे बघून कोणालाही हसू येईल आणि कोणी अर्थ विचारणार नाही.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. भूपेन खख्खर १९३४ साली मुंबईत जन्मला, चार्टर्ड अकाउंटंट झाला आणि १९६० नंतर बडोद्याला जाऊन चित्रं काढू लागला. बाजारात मिळणाऱ्या देवांच्या छापील तसबिरी कापून तो आपल्या चित्रात चिकटवायचा. १९७२ साली त्याने घड्याळ दुरुस्तीचं दुकान रंगवलं, 'जनता वॉच रिपेअरिंग'. सुरुवातीला अनेकांनी नाकं मुरडली, आणि २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ज्या छापील तसबिरींवर तो वाढला त्यांची गंगोत्री तर आपल्याच दारात. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगाचा एकेक दगड, असे कितीतरी दगड घासून त्या लक्ष्मी-सरस्वती निघायच्या. घरोघरच्या बायका मग त्यांवर जर आणि टिकल्या चिकटवायच्या. पॉप आर्ट ती दुसरी कोणती असते?

देवांचं निघालंच म्हणून सांगते, ते मात्र नको. भडक रंगातला गणपती पॉप आर्टमध्ये फार गोड दिसतो हे मान्य. पण २०१५ साली बंगळुरात एका ऑस्ट्रेलियन तरुणाला पायावरच्या देवीच्या टॅटूवरून जमावाने अडवलं होतं. गमतीसाठी काढायचं तर ज्यावर भांडणं होतात ते कशाला? वाघ बरा.

आता फुगा. फुग्याशिवाय पॉप आर्ट नाही, कबूल. पण आतला शब्द मराठी घे. आपल्याकडे आवाजांची काय ददात आहे! धाडकन, खळ्ळ, भोंऽऽ, फुस्स. आणि 'अगबाई!' हा तर फुग्यासाठीच जन्माला आलेला शब्द. फक्त एक पथ्य. टॅटूवाल्याच्या संगणकात टाइप केलेल्या देवनागरीवर विश्वास ठेवायचा नाही. चित्रं काढायच्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. कागदावर चूक निघाली तर नवीन प्लेट काढता येते. इथे आयुष्यभर 'अगबाइ' घेऊन फिरावं लागेल, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत तुझी आई तुला टॅटूइतकी सहज माफ करणार नाही. अक्षर हाताने लिहून घे, मला दाखव, मी प्रूफ तपासते. आणि मोठं लिही. मात्रा आणि अनुस्वार बारीक असले की आधी ते भरून जातात.

ताईची काळजी पूर्णपणे खोटी आहे असं मी म्हणत नाही. आजारपणाची भीती रास्त आहे. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदायचे, ते दिवस आठवून ती म्हणते. सुई आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई लहान टोपणात वेगळी ओतून घेतलेली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे, यात तडजोड नाही. रंगीत शाईचा प्रश्न काळ्याहून मोठा आहे. ॲलर्जी सर्वात जास्त लाल रंगाची होते, म्हणून आधी छोटा ठिपका घेऊन काही आठवडे थांबावं. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शायांमधल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली आणि निळ्या-हिरव्याची दोन रंगद्रव्यं २०२३ पासून बंद केली. तेव्हा बाटलीवर काय लिहिलंय ते विचारायला लाजू नये. कातडीला जखमेचे उंच व्रण यायची सवय असेल, म्हणजे केलॉइड, तर हा नाद सोडलेला बरा. आपल्या घरात ती काकांना आहे, भाचीने कान टोचले ती जागा नीट बघून घ्यावी. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, आणि भाची दरवर्षी करते, तेव्हा यंदाचं आधी उरकून घ्यावं. सैन्यभरतीचे नियम कडक आहेत, पण आमची पोरगी पाच मिनिटं ऊन सोसत नाही, तो प्रश्न नाही.

उरलं लग्न. ताईचा खरा मुद्दा तोच, बाकीचे पुढे उभे केलेले. "उद्या बघायला आले आणि दंडावर वाघ दिसला तर?" तर काय, ताई? वाघ बघून परत जाणारे लोक लवकर परत गेलेले काय वाईट? तुझ्या वेळी ते नाकातली चमकी डावीकडे की उजवीकडे यावर बोलून गेले होते, आणि तू रात्रभर रडली होतीस. मी शेजारीच झोपले होते.

पुसून टाकता येतं, लेझर आहे, असं भाची मध्येच म्हणाली. त्या भरवशावर काढू नये. काळा त्यातल्या त्यात लवकर निघतो. हिरवा, निळा, पिवळा चिवट असतात, खर्च आणि दुखणं टॅटूच्या कितीतरी पट. पॉप आर्टमध्ये नेमके तेच रंग भरलेले.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की काढ, पण ती परकी रडकी बाई नको. रडणारी बाई अंगावर घेऊन फिरण्याएवढं काय वाईट चाललंय तुझं? दंडाच्या बाहेरच्या बाजूला, ऊन कमी लागेल अशा जागी, सुपारीहून मोठं, लिंबाहून मोठं झालं तरी चालेल, जाड काळ्या रेघेचं. आधी जाड मार्करने हातावर काढून आठ दिवस वागव. आईसमोर वागव. आठव्या दिवशी तीच विचारेल, आज वाघ पुसट का झालाय म्हणून :-)

एक विनंती मंडळी. कोणाकडे जुने काडेपेटीचे छाप जपून ठेवलेले असतील (वहीत चिकटवलेले, पत्र्याच्या डब्यातले, कसेही) तर मला स्कॅन करून पाठवाल का? वाघ असेल तर उत्तम. पण कोंबडाही चालेल, भाचीने अजून ठरवलेलं नाही.